विकलेल्या नावाचं दावं

मी नावं विकते. हे सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, म्हणजे कसली नावं? कनेरगाव नाक्यावर हिंगोली-वाशीम रोडला लागून, दोन ढाब्यांच्या मधे, माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. पीकविमा, दाखले, रेल्वेचं तिकीट, असलं सगळं. ते पोटापुरतं. जीव अडकलाय तो इंटरनेटवरच्या नावांत. वेबसाइटला जे नाव असतं ते पुष्कळदा आधीच कोणीतरी घेऊन ठेवलेलं असतं, आणि ज्याला ते हवं असतं त्यानं मग त्याच्याकडे जायचं. घेऊन ठेवणाऱ्यांपैकी मी एक आहे.

पूर्वी नावाच्या मागं डॉट कॉम लागायचं, नाहीतर डॉट इन. चांगली नावं शहरातल्या लोकांनी कधीच उचललेली. मग दहा-बारा वर्षांपूर्वी नव्या शेपट्या आल्या. डॉट शॉप, डॉट फार्म, डॉट गुरू, डॉट फॅमिली, शेकड्यानं. बायपास झाला की दोन्ही बाजूंच्या शेतांचे प्लॉट पडतात, तसं झालं. जुन्या गल्लीत पाय ठेवायला जागा नाही, आणि इथं पहिल्या वर्षी शंभर-दोनशे रुपयांत कोपऱ्याचा प्लॉट! दुसऱ्या वर्षी मात्र तीन-तीन हजार भरा, हे बारीक अक्षरात लिहिलेलं. मीही हावरटासारखी पहिल्या वर्षी सत्तर नावं घेतली आणि दुसऱ्या वर्षी साठ सोडून दिली. हळद डॉट गुरू कोणी घेतं का? मी घेतलं होतं. अजून एका माणसानं विचारलेलं नाही. आता म्हणे आणखी नव्या शेपट्या येणार आहेत, आणि मी पुन्हा फसणार आहे हे मला आत्ताच ठाऊक आहे.

माझा बाप भावसिंग म्हणतो, "माही पोरगी हवा इकून राहिली, अन् लोकं घेऊन बी राहिले." घरात आम्ही आमची गोरमाटी, म्हणजे बंजाऱ्यांची बोली बोलतो, पण इथं सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत सांगते. बा म्हणजे आमच्या तांड्यातला जुना हेडी, बैलांचे सौदे जमवून देणारा. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूख फिरले, बा नुसतेच बैल विकत फिरला. त्याला अक्षर वाचता येत नाही. आकडे मात्र झरझर वाचतो. पण आकडा तोंडानं बोलत नाही. बैलबाजारात भाव तोंडानं होतच नाही. घेणारा आणि विकणारा हातांवर रुमाल टाकतात आणि त्याच्या खाली एकमेकांची बोटं दाबून काय ते ठरवतात. शेजारी उभ्या माणसाला पत्ता लागत नाही. ही सवय बाच्या अंगात इतकी मुरलीय की किराण्याचे किती झाले विचारलं तरी बोटं दाखवतो. आई त्यावरून जन्मभर चिडत आली.

त्याची दुसरी सवय दाव्याची. बैल विकायचा, दावं विकायचं नाही. गिऱ्हाइकानं आपलं दावं आणायचं, आपल्या दाव्यानं बैल न्यायचा, आणि आपलं दावं परत घरी खुंटीला. घरातली बरकत त्याच्याबरोबर राहते असं सगळेच मानतात. आमच्या भिंतीवर पन्नास वर्षांची दावी लटकलीत. कुठलं दावं कुठल्या बैलाचं हे बा डोळे मिटून सांगतो.

हे सगळं आधी सांगून टाकलं, कारण पुढं जे झालं ते या दोन सवयींमुळे झालं.

२०१८ साली मी एक नाव घेतलं होतं. सोयरीक डॉट फॅमिली. घेताना कोणी विचारलं असतं की कशाला, तर मला सांगता आलं नसतं. पण आमच्या धंद्यात हेच तर असतं. तीन वर्षांनी कोणाला काय लागेल ते आज सुचायला पाहिजे. आणि बरोबर तीन वर्षांनी हिंगोलीहून पल्लवीताई आल्या. औरंगाबादची नोकरी सोडून त्यांनी हिंगोलीत वधू-वर केंद्र काढलं होतं, तेही कोणाचं, तर विधवा, घटस्फोटित, नवऱ्यानं टाकलेल्या बायकांचं. अशा बाईचा फोटो गावभर फिरवून चालत नाही. म्हणून त्यांना अशी वेबसाइट पाहिजे होती, जिथं बाईची माहिती कुलपात राहील आणि ती हो म्हणेल तेव्हाच समोरच्याला दिसेल. त्यांना ते नाव इतकं आवडलं की त्यांनी घासाघीससुद्धा केली नाही. मला तेव्हा वाईट वाटलं, मी आकडा कमी सांगितला होता.

नाव विकणं म्हणजे काय ते सोपं करून सांगते. दोन वह्या असतात असं समजा. पहिल्या वहीत लिहिलेलं असतं की नाव कोणाच्या मालकीचं. दुसऱ्या वहीत लिहिलेलं असतं की हे नाव टाकून जो कोणी येईल त्याला कुठल्या घरी पाठवायचं. मी पहिली वही पल्लवीताईंच्या खात्यात टाकली. दुसरी माझ्या खात्यात होती. ताईंनी विचारलंसुद्धा, "ते दुसरं काय असतं ते पण आमच्याकडेच घ्यायचं ना?"

मी म्हणाले, "राहू द्या ताई, मी सांभाळते. त्याचे काही पैसे पडत नाहीत."

त्या दिवशी घरी येऊन बाला सांगितलं की मोठं नाव विकलं. तो दात कोरत म्हणाला, "दावं ठेवलं का?" तो थट्टा करत होता. मी हसून म्हटलं, "ठेवलं." आणि मला खरंच छान वाटलं. तेव्हापासून जे नाव विकलं त्याची दुसरी वही मी माझ्याकडे ठेवत गेले. एकतीस नावं. कधी त्यांना हात लावला नाही, कोणाचं वाकडं केलं नाही. नुसती असू द्यावीत म्हणून ठेवली. आज हे लिहिताना कान गरम होतात, पण तेव्हा मला त्यात काही चूक दिसली नव्हती.

गेल्या उन्हाळ्यात साखरा गावची सपना माझ्या दुकानात आली. पदर डोक्यावरून पुढं ओढलेला, सोबत सहा वर्षांचा आयुष. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती म्हणून ती अर्धा तास बाहेर उभी राहिली. गिऱ्हाइकं गेल्यावर आत आली आणि म्हणाली, "ताई, ते सोयरीकचं फॉर्म तुमी भरता म्हने." नवरा जाऊन तीन वर्षं झालेली. मी फॉर्म भरायला घेतला. फोटो लावला, शिक्षण, पगार, अपेक्षा, फोन नंबर. पत्त्यापाशी तिनं माझा हात धरला.

"ताई, हे कोनाला दिसनार न्हाई ना? सासरी कळलं तर आयुषला ठेवून घेतील. मला काय, मला हाकलून देतील. पन लेकरू न्हाई देनार."

मी म्हटलं, "कोणाला दिसत नाही. माझा शब्द." आयुष तोवर माझ्या खुर्चीवर बसून गोल गोल फिरत होता.

आता गेल्या गुरुवारची गोष्ट. रविवारी हिंगोलीत पल्लवीताईंचा मेळावा होता. चारशेच्या वर बायका आणि पुरुष येणार होते. सगळ्यांनी शनिवारी अकरा ते एकच्या दरम्यान वेबसाइट उघडून, आपला नंबर आणि पासवर्ड टाकून, येणार की नाही ते कळवायचं होतं. सपनानं मला फोन करून विचारून घेतलं होतं की कुठं दाबायचं.

गुरुवारी दुपारी एक फोन आला. आवाज गोड, भाषा हिंदी. त्यानं नाव सांगितलं, ते खोटंच असणार, म्हणून लिहीत नाही. म्हणाला, "मॅडम, कुछ बेचना नहीं है आपको. सोयरीक का रास्ता आपके पास है, हमें मालूम है. शनिवार को ग्यारह से एक, सिर्फ दो घंटे, एक लाइन बदलनी है." आणि त्यानं जो आकडा सांगितला तेवढा मी इतक्या वर्षांत मिळून कमावला नव्हता.

मला समजायला क्षणसुद्धा लागला नाही. दुसऱ्या वहीतली ती एक ओळ बदलली की सोयरीकचं नाव टाकणारा प्रत्येक माणूस त्याच्या घरी जाऊन पोचणार. तिथं तो हुबेहूब तसलंच दार लावून बसलेला असणार. चारशे जण आपापला नंबर आणि पासवर्ड त्याच्या हातात देणार, आणि त्या किल्ल्या घेऊन तो खऱ्या घरात शिरणार. मग फोटो, पत्ते, कोण कोणापासून लपून आलंय ते सगळं. त्याचं पुढं काय करतात ते सांगायला नको. "पैसे दे नाहीतर तुझ्या सासऱ्याला पाठवतो", एवढं एक वाक्य पुरतं.

मी फोन आपटला. आपटला म्हणजे लाल बटण दाबलं, पण जोरात.

याला कळलं कसं? त्याचंही उत्तर माझ्याकडंच होतं. दुसरी वही कोणाकडं आहे हे कोणालाही उघडून बघता येतं, आणि माझ्या वहीवर मी माझ्या दुकानाचं नाव टाकून घेतलं होतं. शोभेला! मला त्याचा अभिमान होता.

त्याच वेळी उठून हिंगोलीला जायला पाहिजे होतं. पल्लवीताईंनी त्यांच्या खात्यातून सांगितल्याशिवाय दुसरी वही माझ्याकडून त्यांच्याकडे जात नाही, ते काम माझ्या एकटीच्या हातचं नव्हतंच. पण त्यांना सांगायचं तर आधी हे सांगावं लागणार की तुमच्या घराचं दार चार वर्षं माझ्या हातात होतं, आणि तुम्ही विचारलं तेव्हा मी राहू द्या म्हणाले. कशासाठी ठेवलं, या प्रश्नाला मी काय उत्तर देणार होते? बैलाचं दावं? मी स्वतःला समजावलं की मी हो म्हणालेच नाही तर तो काय करणार. पासवर्ड बदलला आणि गप्प बसले.

शुक्रवारी पुन्हा फोन. आता गोडवा गेला होता. "आप नहीं करेंगी तो हम कर लेंगे. और पकड़ी आप जाएँगी मॅडम. खाता तो आपका है ना?"

ते खरं होतं. त्यानं माझ्या खात्यात घुसून ओळ बदलली असती तर पोलिसांना ती माझ्याच नावानं बदललेली दिसली असती. तरीही मी हिंगोलीला गेले नाही. याचं मला आज सगळ्यात जास्त वाईट वाटतं. भीतीपोटी नाही गेले असं म्हणायला बरं वाटतं, पण त्यात अर्धी लाज होती.

शनिवारी सकाळी दहा वाजता दुकान उघडलं आणि कॉम्प्युटरसमोर बसून राहिले. ठरवलं होतं की एक वाजेपर्यंत इथून हलायचं नाही. दहा चाळीसला माझं खातं मलाच आत घेईना. कोणीतरी बाहेरून चुकीचे पासवर्ड इतक्या वेळा मारले होते की खातं अर्ध्या तासासाठी बंद पडलं होतं. तरी मी म्हटलं, बंद तर बंद. तो पण बाहेर, मी पण बाहेर.

दहा अठ्ठेचाळीसला ईमेल आला. पासवर्ड विसरल्याची तुमची विनंती मिळाली. शेवटी सत्तेचाळीस असलेल्या मोबाइलवर कोड पाठवला आहे. दहा मिनिटांत टाका, बंद खातं उघडेल.

माझ्या मोबाइलच्या शेवटी सत्तेचाळीस नाही.

सत्तेचाळीस बाच्या मोबाइलचे. २०१७ मधे हे खातं काढलं तेव्हा घरात एकच फोन होता, मी तो नंबर दिला. नंतर मी नवा घेतला आणि ते सिमकार्ड बाला दिलं. खात्यातला नंबर बदलायचा राहून गेला. आणि तेव्हा नाव घेणाऱ्याचा पत्ता, फोन सगळ्या जगाला उघडा दिसायचा. त्या जुन्या याद्या अजून विकल्या जातात. मीच एकदा एक विकत घेतली होती, गिऱ्हाइकं शोधायला. म्हणजे त्याच्याकडं बाचा नंबर होता.

मी बाला फोन लावला. व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्त.

बा कधी कोणाशी एक मिनिटाच्या वर बोलत नाही. मी शेजारच्या घरी, थावराकाकाकडं लावला, उचलला नाही. दहा पन्नास. मी दुकान उघडंच टाकलं आणि स्कूटी काढली.

नाक्यापासून तांडा तीन किलोमीटर. पहिला अर्धा रस्ता डांबरी, त्यावर वाशीमकडून येणारे ट्रक. मी एका हातानं पुन्हा फोन लावत होते आणि एक ट्रकवाला मला शिव्या देऊन गेला. बरोबर दिल्या. पुढं कच्चा रस्ता लागतो. तिथं मी एकदा पडता पडता वाचले. डोक्यात एकच चाललेलं. बाला आकडे वाचता येतात. फोनवर आलेला कोड तो पटकन वाचणार. त्याला कोण काय सांगत असेल? अक्षर वाचता येत नाही, तसा आकडाही वाचता येत नसता तर बरं झालं असतं, असं मला बापाबद्दल वाटलं. आणि सपनाचं पोरगं माझ्या खुर्चीवर गोल फिरत होतं ते दिसत राहिलं.

तांड्यात शिरले तेव्हा दहा छप्पन. बा घरासमोर बाजेवर बसला होता, पाठीमागं भिंतीवरची ती सगळी दावी. डाव्या हातानं बटणांचा फोन कानाला धरलेला. उजवा हात मांडीवर, त्यावर खांद्यावरचा रुमाल पडलेला, आणि रुमालाखाली बोटं हलत होती. चेहरा असा निवांत, की जसा बाजारात खोंडाचा सौदा चाललाय.

"बा! सांगू नको!"

मी स्कूटी तशीच सोडली, ती पडली. त्याच्या हातातून फोन हिसकला. पलीकडून आवाज येत होता, "बाबाजी, पेन्शन रुक जाएगी, नंबर बोलिए, जल्दी बोलिए." मी काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. फोन कट झाला.

"बा, सांगितला का तू? आकडा सांगितला का?"

बा आधी पडलेल्या स्कूटीकडं बघत राहिला. मग माझ्याकडं. त्याला घाई नावाची गोष्ट ठाऊक नाही, आणि त्या क्षणी मला त्याचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

"बा, बोल ना!"

"काहून वरडून राहिली? कोन हाय त्यो? येऊन येऊन एकच, नंबर बोला, नंबर बोला. ईस येळा इचारलं त्यानं. मी म्हणलं, भाऊ, तू मानूस दिसंना मला, तुहा हात दिसंना. आकडा काय असा बोंबलून सांगायचा असतो? बाजारात ये. रुमाल टाकू. बराबर सांगतो."

"म्हणजे नाही सांगितला?"

"पन्नास साल झाले, तुह्या मायला सुदिक न्हाई सांगितला कदी. त्याला सांगतो?"

मी तिथंच मातीत बसले. पण बसायला वेळ नव्हता. आलेला कोड अजून दीड मिनिट जिवंत होता. मी माझ्या फोनवर खातं उघडलं, बाच्या फोनवरून बघून सहा आकडे टाकले. नेटची एकच दांडी. चाक फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि उघडलं. पासवर्ड बदलला, नंबर बदलला, ओळ बघितली. जिथं होती तिथंच होती. अकराला दोन मिनिटं कमी होती.

बानं स्कूटी उभी केली, आरशावरची माती रुमालानं पुसली आणि मग येऊन विचारलं, "आता सांग. कशाचा आकडा व्हता?"

मी सांगितलं. दोन वह्या, सपना, आयुष, ती चारशे माणसं. गुरुवार, शुक्रवार. शेवटी म्हटलं, "तूच म्हणाला होतास ना, दावं ठेवलं का? मी ठेवलं."

बा उठला. भिंतीपाशी गेला, एक दावं खुंटीवरून काढलं आणि माझ्यासमोर दोन्ही हातांनी ताणून धरलं.

"याला काय बांधलंय?"

"काही नाही."

"काही न्हाई. आमी दावं ठेवतो ते सोडून, मोकळं. बैल त्याच्या दाव्यानं त्याच्या घरी गेलेला असतो. त्वा बैल इकला, पैसे घेतले, अन् दावं त्याच्या गळ्यातच ठिवून दुसरं टोक घरी आनलं. याला दावं ठेवनं म्हनत न्हाईत, संगे. याला चोरी म्हनतात."

त्यानं आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. दावं परत खुंटीला अडकवून त्यानं पायात जोडे घातले आणि स्कूटीच्या मागच्या सीटवर जाऊन बसला. "चल. मालकाच्या हातात देऊन येऊ."

हिंगोलीला पोचेपर्यंत साडेबारा झाले. पल्लवीताईंच्या केंद्रात उद्याच्या मेळाव्याची धांदल होती, बिल्ल्यांच्या राशी, पाण्याचे जार. ताई मला बघून हसल्या, "अरे वा, संगीताताई, मदतीला आलात?" मी त्यांना आतल्या खोलीत नेलं आणि सगळं एका दमात सांगितलं. अर्ध्यावर त्या खुर्चीत बसल्या.

"चार वर्षं?" एवढंच म्हणाल्या.

"हो."

"मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो."

बा दाराशी उभा होता. म्हणाला, "बाई, पोरीला मी शिकवलं. शिकवताना अर्धंच शिकवलं. तकलीफ तुमाला झाली."

पल्लवीताईंनी त्याच्याकडं एकदा बघितलं. लॅपटॉप ओढला. मी बाजूला उभी राहून सांगत गेले, त्या दाबत गेल्या. इथं जा, हे काढा, हे टाका. रागात त्यांचं दोनदा चुकलं. एक वाजायला दहा मिनिटं असताना सोयरीक डॉट फॅमिलीचं दुसरं टोक त्यांच्या हातात गेलं. तोवर तीनशे ऐंशी जणांनी आपापलं कळवून टाकलं होतं, त्यांच्या खऱ्या दारातून. त्यांनी तो आकडा एकदा बघितला आणि लॅपटॉप मिटला.

"पोलिसांत मी देणार आहे," त्या म्हणाल्या. "त्या माणसाबद्दल. तुमचं नाव त्यात येईल."

"येऊ द्या."

"आणि अशी अजून किती जणांची आहेत तुमच्याकडे?"

"तीस."

"आज सगळ्यांना फोन करा. आणि आमच्या बायकांना मी सांगेन. लपवणार नाही मी." मग म्हणाल्या, "साखऱ्याच्या सपनाला मात्र तुम्ही सांगा. ती तुमच्या दुकानातून आलीय, तुमच्या शब्दावर."

बाहेर आले. बा समोरच्या टपरीवर चहा घ्यायला गेला, मुद्दाम गेला असावा. मी सपनाला फोन लावला. ती शेतात होती, मागं बायकांचे आवाज येत होते. ती बाजूला आली. मी तिला ते दार आणि दुसरी वही, जमेल तसं सांगितलं. आज काय झालं आणि काय झालं नाही, ते सांगितलं. तुझं सगळं जिथल्या तिथं आहे, म्हटलं. कोणालाच काही दिसलं नाही.

मग तिनं हळू आवाजात विचारलं, "म्हंजे ताई, ही चार वर्सं तुमी मनात आनलं असतं, तर तुमाला दिसलं असतं? माजं, समद्यांचं?"

खोटं बोलायचं म्हटलं असतं तर जमलं असतं. तिला यातलं काही कळत नव्हतं.

"व्हय," मी म्हणाले. "पण मी कधी बघितलं नाही, सपना. शपथ."

"ते तुमाला म्हाईत, ताई," ती म्हणाली. "मला कसं म्हाईत?"

आणि तिनं फोन ठेवला. मी तिथंच उभी राहून यादी उघडली आणि तिसांतल्या पहिल्या नावाच्या मालकाला फोन लावला.